माझाबी पेपर बुडतो

"इकडं ये. आज तू बस."

सरांचं बोट माझ्याकडं होतं. शनिवारचा हेड स्टडीचा तास. म्हणजे समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढायचा. नेहमी मॉडेल म्हणून बसणारे फेटेवाले आजोबा त्या दिवशी आले नव्हते. पंच्याण्णव साल. सांगलीतल्या त्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही एकवीस जण होतो. मी कुंडलहून एसटीनं यायचे.

पुढच्या रांगेत वाईच्या एका डॉक्टरांची मुलगी होती. ती म्हणाली, "सर, मी बसू का?"

"तू नको. तुझा पेपर बुडेल."

मग मी बसले. डाव्या बाजूनं शंभरचा बल्ब लावला. सर वर्गाकडं वळले. "आज कष्ट कमी. हिच्यावर कितीही लाइट मारा, सगळी शेडच. सिक्स-बीची काळी पेन्सिल काढा आणि घासा." वर्ग हसला. "सवलतीनं आलीय, वर्गाच्या काहीतरी उपयोगी पडू दे." वर्ग परत हसला. डॉक्टरांची मुलगीही.

मी हलले नाही. मॉडेलनं हलायचं नसतं, एवढंच डोक्यात. तीन तास. मान आखडली. बल्बनं डावा गाल भाजत होता. राग आला नाही, रडू आलं नाही. आतलं सगळं बंद पडलं होतं. खिडकीत कुणीतरी ओला ब्रश ठेवला होता, तो वाळेपर्यंत बघत बसले.

शेवटी वीस कागद भिंतीला लावले. वीस वेळा मी. काळे गोळे आणि त्यात पांढरे डोळे. मी जवळ जाऊन बघितलं. बल्ब डावीकडं होता, मग डाव्या गालावरचा उजेड कुठाय? कपाळाच्या उंचवट्यावरचा? नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका? एकाच्याही कागदावर नव्हता. तीन तास मी समोर होते आणि कुणी माझ्याकडं बघितलंच नव्हतं. सगळे घरून जे ठरवून आले होते तेच त्यांनी काढलं.

सरांनी कागदांवर सह्या केल्या, हजेरी भरली. माझ्या नावापुढं लिहिलं, गैरहजर.

"सर, मी होते की."

"पेपर कुठाय? पेपर नाही तो गैरहजर. नियम सगळ्यांना सारखा."

दोन गैरहजेऱ्या झाल्या की परीक्षेला बसू देत नसत. मी मान डोलावली आणि एसटी पकडली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी संध्याकाळी आई रानात तण काढून, भांगलण करून आली आणि दारात टेकली. ऊन तिच्यावर एका बाजूनं पडलं होतं. मी म्हटलं, "आये, जरा तशीच बस."

"माझं काय काडतीस? लय काळी हाय मी."

ती चेष्टा करत नव्हती. खरं म्हणून सांगत होती. सरांचंच वाक्य, आणि ती तर कधी कुठल्या वर्गात बसली नव्हती.

मी आधी सगळा कागद कोळशानं घासून काळा केला. मग खोडरबरानं उजेड काढत गेले. गालाच्या हाडावर एक ओढ. नाकावर ठिपका. खालच्या ओठावर थोडंसं. रबर लागेल तिथं तिथं आई वर येत गेली. घामेजलेल्या काळ्या कातडीवर उजेड लख्ख पडतो, गोरीवर तो पसरून जातो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त बघितलं होतं.

आईनं कागद हातात घेतला. "मी अशी दिसती व्हय?"

"अशीच दिसतीस."

तिनं कागद उन्हाकडं धरला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा गाल चाचपला. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी दुखलं. शनिवारपासूनचं सगळं एकदम दुखलं.

पुढच्या शनिवारीही आजोबा नव्हते. सरांनी खुर्ची दाखवली. "चल, बस."

"न्हाई बसणार."

"का?"

"माझाबी पेपर बुडतो, सर."

घाबरले की माझी गावची बोली तोंडात यायची. त्या दिवशी घाबरले नव्हते, तरी आली.

"मग मुलांनी काढायचं काय?"

"पाळी लावा. सगळ्यांची. पर आदी माझी गैरहजेरी खोडा."

कुणी हसलं नाही. सरांनी कपाट उघडलं आणि प्लास्टरचं एक मुंडकं काढून खुर्चीवर ठेवलं. दाढीवाला कुणी परदेशी, पांढराशुभ्र. गेल्या शनिवारीही तो त्याच कपाटात होता.

मी त्याला काढलं. कागद टेबलावर ठेवला आणि सही होईपर्यंत तिथंच उभी राहिले. सरांनी वर न बघता सही केली. गैरहजेरी खोडली नाही.

सोमवारी मी प्राचार्यांकडं अर्ज दिला. मग दुसरा. मग तिसरा. परीक्षा झाली, पास झाले, कोर्स संपला. आता चित्रं काढूनच पोट भरते. अर्ज अजून देते. परवा तिथला क्लार्क म्हणाला, "बाई, आता ते खोडून काय उपयोग?"

उपयोगासाठी मागत नाही. मला माफी नको, सत्कार नको. त्या दिवशी मी तिथं होते. तसं लिहा. लिहीपर्यंत मी येत राहणार.