टिकल्यांचं पाकीट

महाडला मुलांच्या समुपदेशक सेजल मॅडमच्या खोलीत ‘एडीएचडी’, म्हणजे मन एका जागी न ठरणं, हे नाव ऐकलं, तेव्हा आवडीला आधी सुटल्यासारखंच वाटलं. म्हणजे आपली पोर दिशा वांड नव्हे. तिला कुणाची नजरही लागलेली नाही. वर्गातून उठून जाणं, जेवता जेवता पळणं, सगळ्याला एक नाव होतं.

“गोळ्या असतात,” मॅडम म्हणाल्या, “पण त्यासाठी डॉक्टरांना दाखवायला मुंबईला नाहीतर पुण्याला जावं लागेल. तोवर घरी वळण लावू. एका वेळी एकच काम सांगा. केलं की लगेच बक्षीस. लगेच, हं. आणि रोज.”

आवडीने स्टँडबाहेरून चमकीच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. काम झालं की कपाटाच्या दारावर एक टिकली. उमरठला घरी आल्या आल्या दिशाने चपला जागेवर ठेवून पहिली कमावली.

मुंबईत टेम्पो चालवणाऱ्या नवऱ्याने, अनिलने, फोनवर बजावलं होतं, “दिवाळीपर्यंत बघतो. नाय सुधारली तर विरारला ताईकडं नेतो. ताई बरोबर सरळ करील.” नणंद कशी सरळ करते ते आवडीला ठाऊक होतं. तिच्या घरी लाटणं पोळ्यांपेक्षा पोरांवर जास्त फिरायचं.

पण आवडी स्वतः जन्माची विसरभोळी. गॅसवर भात ठेवून ती पाण्याला जाई, वाटेत शेजारणीशी बोलत बसे.

“भात लागला गो आवडे!” सासू मंजुळा ओट्यावरून ओरडे. “नाक गहाण टाकलंस का काय?”

दुसऱ्या खेपेला आवडीने मॅडमना विचारलं, “हे मोठ्या माणसालाही असतं?”

“असतं की. कधी कधी आईला किंवा वडिलांनाही असतं.”

“मग त्याने काय करायचं?”

“त्यांनाही गोळ्या असतात, समुपदेशन असतं. इथे मात्र मोठ्यांसाठी कुणी नाही. का हो?”

“सहज,” म्हणून आवडी उठली आणि छत्री तिथेच विसरून एसटीत बसली.

दिवाळीच्या तोंडावर एके दुपारी दिशा पुरं ताट जेवली. मग न उठता तिने पानभर शुद्धलेखन काढलं. ओळी वाकड्या, पण पान पुरं. मंजुळासुद्धा बघत राहिली.

“आये, टिकली.”

पाकीट जागेवर नव्हतं. “थांब हं, आणते,” म्हणत आवडी आत गेली. फडताळ बघितलं, डबे हलवले. मागच्या दारातून वाळत घातलेले कपडे दिसले. ती काढायला गेली. शेजारणीची म्हैस व्यायला अडली होती, तिथेच थांबली.

परतली तेव्हा दिवे लागले होते. दिशा कपाटापाशीच बसून होती. दारावरची एकूण एक टिकली तिने नखाने खरवडून काढली होती.

“तू खोटं बोलतेस,” ती म्हणाली. रडली नाही.

ओट्यावर मंजुळा फोनवर बोलत होती. “ने रे बाबा हिला. पोर एकटी असती तर मी सांभाळली असती. पण हितं दोघी हायत.”

अनिल आला. निघायच्या सकाळी आवडी नवऱ्याच्या मागेमागे सांगत होती, “ताईंना सांगा, एका वेळी एकच काम सांगायचं. मारायचं नाय.” तो नुसता हूं हूं करत होता. वाटेत खायला चार भाकऱ्या बांधाव्यात म्हणून तिने पिठाचा डबा उघडला, तर पिठातच पाकीट. कधीतरी पीठ काढताना हातात असेल, तसंच आत राहिलं असणार.

ती धावत ओट्यावर गेली. दिशा बूट घालून बसली होती.

“दिशू, सापडल्या बघ! त्या दिवशीची घे.”

दिशाने पाकिटाकडे बघितलं, मग बापाकडे. “आता कशाला?” म्हणाली आणि दप्तर उचलून उतरली. भाकऱ्या राहिल्याच.

आवडीने पाकीट फडक्याने पुसलं. सुट्टीत पोर येईल तेव्हा हाताशी असावं, म्हणून या वेळी नीट विचार करून ठेवलं.

संध्याकाळी कुठे ठेवलं ते तिला आठवेना.