पहिलवानाचं मोत्यासारखं अक्षर

गेटवर बसणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपणहून पायाशी येऊन पडतात. माझ्याकडं तर लई पडलेत. लग्न असो, दशक्रिया असो, चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "पहिलवान, तो बॉडीगार्डचा सांगा!"

माझा मेहुणा पुस्तकं वाचणारा. तो म्हणतो, "दाजी, ह्याच्यावर सस्पेन्स कादंबरी होईल बघा! बॉडीगार्ड, कंपनीचं सिक्रेट, घरभेदी कोण!"

मी म्हणतो, "बाबा रे, कादंबरीतल्या बॉडीगार्डला अक्कल असती."

सगळे हसतात. आधी मीच हसतो. शेवटचा किस्सा मात्र मी पंगतीत कधी सांगत नाही.

* * *

पिरंगुटच्या पुढं आमच्या साहेबांचा कारखाना. गाड्यांच्या ब्रेकला लागतं ते लायनिंग बनवायचे. त्यात कुठली पावडर किती पडते, हे फक्त साहेबांना ठाऊक. त्या मिश्रणावर दुसऱ्या कंपन्यांचा डोळा होता, एकदोनदा साहेबांना धमक्याही आल्या. म्हणून त्यांनी बॉडीगार्ड ठेवला, तो मी. तालुक्यात दोन कुस्त्या मारलेल्या, एवढंच माझं क्वालिफिकेशन!

पहिल्याच दिवशी नवी सफारी, काळा गॉगल. साहेबांच्या पुढं राहायचं म्हणून ऑफिसात घाईनं शिरलो आणि काचेच्या बंद दारावर धाडकन आपटलो.

मी नाक धरून उभा. साहेब म्हणाले, "पहिलवान, हल्ला करणारा आला तर मीच तुम्हाला सांगेन हं!"

* * *

एकदा साहेबांची एका मोठ्या पार्टीशी गुपचूप मीटिंग होती. गुपचूप म्हणून लवासा निवडलं, तिथं माणूसच नसतो. साहेब वर हॉटेलात, मी खाली गाडीपाशी. सफारी, गॉगल, हातात वॉकीटॉकी, छाती पुढं.

मक्याची कणसं विकणारी एक बाई जवळ आली. "कुटला मंत्री आलाय वो?"

मी गप्प. म्हटलं, सिक्रेट आहे, बोलायचं नाही. माझं गप्प बसणं बघून तिची खात्रीच पटली. साहेब खाली आले तेव्हा पंधरा-वीस माणसं मोबाइल काढून उभी होती, आणि एकानं त्यांना रस्त्याच्या खड्ड्यांचा अर्ज दिला!

* * *

साहेब ऑफिसात असले की बॉडीगार्डला काम काय? मग मी गेटचं रजिस्टर ताब्यात घेतलं.

आत लई कडक कारभार. गोण्या शेडमध्ये उतरल्या की त्यांच्यावरची नावं काळ्या रंगानं पुसायची आणि नुसते नंबर टाकायचे. कामगारांनासुद्धा कळू नये की चार नंबर म्हणजे काय. आणि गेटवर मी! मालाबरोबर आलेलं चलन बघून पावडरीचं खरं नाव, कुठल्या गावाहून आली, किती गोण्या, सगळं टपोऱ्या अक्षरात. वर ज्ञानही द्यायचो, "अर्धवट नोंद म्हणजे चोराला वाट!"

आग विझवायचे सिलिंडर विकणारा एक सेल्समन यायचा. आम्ही त्याला फायरवालाच म्हणायचो. खरेदीवाले साहेब त्याला कधी भेटायचे नाहीत, पण बिचारा चिकाटीचा, आठवड्यातून दोनदा हजर. मी त्याला टेबलापाशी खुर्ची द्यायचो, पंखा त्याच्याकडं वळवायचो. आमचा नियम असा की आधी रजिस्टरात सही, मग मोबाइल जमा. तो सही करायचा, मागची चार पानं उलटायचा आणि म्हणायचा, "पहिलवान, काय मोत्यासारखं अक्षर हो तुमचं!"

शाळेतसुद्धा मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याला चहा पाजायचो.

* * *

चहा हमीदचाचांचा. पौडचे. बावीस वर्षं किटली घेऊन कारखान्यात आतपर्यंत जायचे.

मग दुसऱ्या एका कंपनीनं हुबेहूब आमचंच मिश्रण बाजारात आणलं. साहेब चवताळले, "आतलं कोण फोडतंय?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "शोधतो, साहेब!" रोज आत जाणारा बाहेरचा माणूस एकच, हमीदचाचा. आणि खरं सांगू? त्यांचं नाव हमीद आहे, हेही माझ्या मनात आलं. त्यांच्या घरी ईदेला जेवलेला माणूस मी, तरी आलं. लाज वाटते.

मी रोज त्यांची झडती घ्यायला लागलो, सगळ्यांच्या देखत. चार दिवसांनी सांगावंसुद्धा लागेना. गेटवर आले की चाचा किटली खाली ठेवायचे, मान बाजूला वळवायचे आणि दोन्ही हात आडवे धरायचे.

एक दिवस त्यांच्या खिशात पावडरीची पुरचुंडी सापडली! मी ती सील करून आमच्या लॅबला पाठवली. तासाभरात लॅबवाल्याचा फोन, "पहिलवान, सुंठ, वेलची, मिरी. आता दूध पाठवा!"

सगळा कारखाना हसला. चाचा एवढंच म्हणाले, "च्याचा मसाला हाय, घरच्या बाईनं कुटलाय, पहिलवान. ऱ्हायला आसंल तर द्या."

राहिला नव्हता. आणि रिपोर्ट येऊनही मी साहेबांना म्हणालो, "कशाला रिस्क?" पुढच्या सोमवारी चहाचं मशीन आलं आणि चाचांची किटली गेटबाहेर राहिली.

* * *

पुढं पुण्यात एक प्रदर्शन होतं. साहेबांबरोबर मी. त्याच दुसऱ्या कंपनीच्या स्टॉलवर कोट-टाय घालून कोण उभा? फायरवाला!

मला बघून लाजला वगैरे नाही. हात हलवला, जवळ आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "अक्षर खराब असतं ना पहिलवान, तर आम्हाला आणखी वर्ष लागलं असतं."

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, "मला काढा, पण चाचांना परत बोलवा."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मशीनचं तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट झालंय. रजिस्टर कपाटात ठेवत जा." मला काढलंही नाही.

* * *

रविवारी मी पौडला गेलो. सफारी नाही, गॉगल नाही. स्टँडजवळ चाचांनी छोटं दुकान टाकलंय. मला बघून म्हणाले, "या पहिलवान, बसा."

मी बसलो नाही. म्हटलं, "चाचा, माझ्याच रजिस्टरातून गेलं सगळं. तुमचा काही संबंध नव्हता. चुकलो मी."

चाचा चहा गाळत होते. "कळलंय मला," म्हणाले. "झालं त्ये झालं. च्या घ्या, गार व्हतुया."

मला राहवेना. गळामिठी मारावी म्हणून मी दोन्ही हात पसरून त्यांच्याकडं सरकलो.

चाचांनी हातातली किटली खाली ठेवली, मान बाजूला वळवली आणि दोन्ही हात आडवे धरले.