ठणठणीत

काँक्रीटची गोल टाकी ओतताना भिंतीला आतून साचा म्हणून लावायच्या लोखंडी प्लेटा तपासणं, हे ठोकेकाकांचं आयुष्यभराचं काम. हातोडीने एक ठोका द्यायचा. ठण्ण वाजली तर प्लेट ठणठणीत. भद्द वाजली तर मागच्या पट्टीचा जोड सुटलाय, प्लेट बाजूला काढायची.

"सपाट पत्रा आधी पोट काढून दाखवतो," काका जेवताना काकूंना सांगत. "गोल पत्रा मोठा मानी! काँक्रीटच्या ओल्या मालाचा रेटा छाती काढून सोसतो, आणि पट्टी सुटलेली असली की एकदम खटकन आत बसतो. आत टेकू सांभाळणाऱ्यांना पळायलाही वेळ मिळत नाही." हे काकूंनी इतक्यांदा ऐकलं होतं की पत्र्याची परीक्षा त्यांनाही तोंडपाठ झाली होती.

आणि नेमके काकांचेच कान गेले. भिंतीलाही कान असतात म्हणे, पण ते उसने कुठे मिळतात? कबूल करतील तर ते काका कसले! कोणी काहीही बोललं की मान डोलवायची आणि "छान, छान" म्हणायचं. एकदा काकू ओरडल्या, "अहो, दूध उतू गेलं!"

"छान झालंय," काका म्हणाले.

काकू पोट धरून हसल्या. मग हसता हसता एकदम थांबल्या. कामावरही हे असंच 'छान' म्हणत असले तर?

माल ओतायच्या दिवशी त्या डबा घेऊन थेट टाकीत उतरल्या. काका ठोके देत, मान डोलवत चालले होते. काकू मागोमाग. एक प्लेट भद्द वाजली. काका मान डोलवून पुढे निघाले.

काकूंनी त्यांची बाही धरली आणि मान हलवली. नाही. काकांचा चेहरा एवढासा झाला. गुपचूप ती प्लेट बदलता आली असती, काकू कोणाला बोलल्या नसत्या. पण आत टेकूशी माणसं उभी होती.

"साहेब, माल थांबवा," काकांनी वर बघून हाक दिली. "ही प्लेट काढा. बाकीच्या सगळ्या पुन्हा वाजवायच्या."

वरून सुपरवायझरने हातानेच विचारलं, का?

"मी ठणठणीत आहे हो, पण कान ठणठण गोपाळ! सकाळपासून नुसती मान डोलवतोय. आता ठोका माझा, कान हिचे."

काकूंनी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि पहिल्या प्लेटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"वाजवा," त्या म्हणाल्या. तेवढं मात्र काकांना बरोबर ऐकू आलं.