ग्राशी आणि सरकारी खुंट्या

ग्राशियाना ओयार्बिदेला, म्हणजे ग्राशीला, फार थोडी माणसं आवडायची, आणि त्यातली बरीचशी आता दफनभूमीत होती. एकाहत्तराव्या वर्षीही ती बाराशे मेंढरांची मालकीण होती, जीप स्वतः चालवायची आणि अमेरिकेतल्या आयडाहोच्या त्या कोरड्या खोऱ्यात कुणाची काय लायकी आहे ते ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगायची. पाद्री नको तेवढी लांबण लावतो. नवा डॉक्टर अजून दूधपितं पोर आहे. दुकानातला पाव म्हणजे ओला कापूस. ती चांगलं बोलायची ते फक्त कुत्र्यांबद्दल.

तिच्या घरची रीत अशी, की निखाऱ्यांत पुरलेल्या लोखंडी भांड्यातून पाव बाहेर आला की सुरीनं त्याच्या पाठीवर क्रूस काढायचा आणि पहिला तुकडा कुत्र्याला द्यायचा. पाहुणा बिशप असला तरी त्याला दुसरा. गेली सात वर्षं तो पहिला तुकडा बेल्त्साचा होता. कुत्रा दुधासारखा पांढरा आणि बेल्त्सा म्हणजे बास्क भाषेत काळा. हा तिच्या नवऱ्याचा, युसेबियोचा विनोद. पिल्लू आणल्यावर वर्षभरात तो बिचारा गेला. बेल्त्सा कोकरांच्या गोठ्यात, त्यांच्या अंगाला अंग लावून वाढला. तो मेंढरू नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण कोल्हे त्याचा वास आला की डोंगर बदलायचे.

एप्रिलात तो मेला. भर दुपारी, सरकारी माळावर, ग्राशीच्याच चराईच्या हद्दीत. तिचा मेंढका हुस्तो, पेरूहून आलेला अबोल माणूस, त्याला खांद्यावर घालून दोन मैल चालत आला आणि म्हणाला, "मालकीणबाई, तोंडाला फेस आला आणि मी पोचेपर्यंत संपलंसुद्धा."

माळात वीतभर खुंटी ठोकलेली होती. तिच्या टोकाला सडक्या मांसाचा वास लावतात. दातानं ओढली की स्प्रिंग सुटते आणि सायनाइडची भुकटी थेट घशात. ही सरकारी खात्यानं ठोकलेली, म्हणे कोल्ह्यांसाठी. कोल्ह्याला असतं तसलंच नाक कुत्र्यालाही असतं, एवढं ज्ञान त्या सरकारी खात्यापर्यंत अजून पोचलेलं नव्हतं.

खुंट्या ठोकायचं काम लमार स्टोडार्डकडे होतं. दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात फिरवत तिच्या फाटकाशी उभा राहिला.

"पाटी होती ना, बाई. खुंटीपासून पंचवीस फुटांवर, अगदी नियमाप्रमाणं. इंग्रजीत होती, शिवाय स्पॅनिशमध्येसुद्धा."

"स्पॅनिशमध्येसुद्धा? अरे वा! मग बेल्त्साचंच चुकलं. त्या मेल्याला बास्कशिवाय काही येत नव्हतं."

"मला वरनं नकाशा येतो. खूण असेल तिथं मी ठोकतो. या माळावर ती यंदा पहिल्यांदाच आली."

"आणि तुझा कुत्रा कुठाय?"

लमारचा कुत्रा गाडीत बसला होता, काचा वर.

"त्याला... या भागात मी उतरवत नाही."

"हुशार आहेस की रे. पण फक्त स्वतःपुरता!"

त्या माळावर अजून अकरा खुंट्या होत्या. मे महिन्याच्या वीस तारखेला कळप त्याच माळावरून वर डोंगरात न्यायचा होता आणि कळपाबरोबर बेल्त्साची दोन तरुण पिल्लं. खाली गवत संपत आलेलं. खुंट्या निघाल्याशिवाय वर जायची सोय नाही. ग्राशीनं महिनाभर पोस्टात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर तोंडाचा पट्टा चालवला. डोंगरापलीकडच्या गुरंवाल्यांनीच या खुंट्या मागवल्या, अशी तिची खात्री होती. मेंढपाळांच्या कुत्र्यांवर त्यांचा जुना राग. पोटात विष मावेना, म्हणून माळावर ओतलं, असं ती त्यांच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

अखेर खात्यानं शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सभा लावली. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. शहरातून कीफर नावाचे साहेब आले. शर्टाला कडक इस्त्री, बुटावर धुळीचा कण नाही. हे सारं मेंढपाळांच्या भल्यासाठीच आहे, असं ते सांगत होते. ग्राशी उठली.

"माझं भलं माझ्या अंगणात पुरलंय, साहेब. मला एकच सांगा. माझ्या चराईवर या खुंट्या मागवल्या कुणी? नाव घ्या. सगळ्यांसमोर."

कीफरनी फाइल चाळली आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, हे आपण सभेनंतर बोलू या का?"

"का? तो भित्रा इथंच बसलाय वाटतं? आत्ता सांगा."

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तळाशी सही होती. ग्राशियाना ओयार्बिदे. तारीख सहा वर्षांपूर्वीची, युसेबियोला पुरल्यानंतर अकराव्या दिवसाची. चराईच्या परवान्याच्या कागदांचा गठ्ठा आला होता आणि पेन्सिलीची फुली दिसेल तिथं तिनं सही केली होती. मागणाऱ्यानं रद्द करेपर्यंत मागणी दरवर्षी आपोआप चालू राहील, असं खाली छापलेलं होतं.

गुरंवाल्यांच्या रांगेत कुणीतरी मुद्दाम खोकलं. ग्राशीनं चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि उभ्याउभ्या कागद दोन्ही बाजूंनी वाचला. तीन मिनिटांची घंटा वाजली, पण बसा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बेल्त्साला आपणच मारलं, हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. बाकीचं तिनं स्वतःला शिक्षा म्हणून वाचलं.

"सही माझीच," ती म्हणाली. "गुरंवाल्यांनो, महिनाभर तुम्हाला नाहक शिव्या दिल्या. पण परत घेत नाही. शिव्या खायला तुमच्या नावावर दुसरी कारणं भरपूर आहेत."

हशा पिकला. कीफरना धीर आला. "म्हणजे खात्याची चूक नाही, हे स्पष्ट झालं. धोक्याची सूचना त्यात ठळक अक्षरांत आहे, बाई. तुम्ही वाचायला हवी होती."

"हवीच होती. मी बारावी शिकलेली बाई. घरात दिवा होता, टेबल होतं, नाकावर हा चष्मा होता. तरी मी ती वाचली नाही. आणि तुम्ही म्हणता, माझ्या कुत्र्यानं माळावरची पाटी वाचायला हवी होती!"

तिनं कागद उलटा केला, पाठीवर "रद्द" लिहिलं आणि परत सही केली. या वेळी आधी वाचून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लमार एकेक खुंटी उपटत गेला आणि ग्राशी मागे उभी राहून मोजत गेली. अकरावी निघाल्यावर तिनं जीपच्या बॉनेटवर फडकं पसरलं. बेल्त्सा गेल्यापासून तिनं पाव भाजलाच नव्हता; तो आज पहाटे भाजलेला. तिनं क्रूस काढून तुकडा कापला. लमारनं सवयीनं हात पुढं केला.

"हात मागं घे. रीत माहीत नाही का तुला? तुझ्या कुत्र्याला उतरव आधी."

लमारनं गाडीचं दार उघडलं. कुत्रा पायरीपर्यंत आला, वाकून जमीन हुंगली आणि मालकाकडं बघत तिथंच थांबला. लमारला त्याला तीनदा हाक मारावी लागली.