तव्याचं इंग्रजी नाव

परळीच्या उमाबाईला अक्षरओळख नव्हती, पण नवऱ्याला मॅट्रिक केलं ते तिनंच. गावानं हे कधी कबूल केलं नाही. गावाचं काय, नवरा पास झाला की तो हुशार आणि नापास झाला की बायको पांढऱ्या पायाची!

गोष्ट निजामाच्या राज्यातली, परळीला रेल्वे यायच्या आधीची. तिचा नवरा गुरुलिंगप्पा इंग्रजीत दोनदा आपटला होता. बाकीचे विषय उर्दूत, ते तो घडाघडा लिहायचा. इंग्रजी शब्द मात्र त्यानं पाढ्यासारखे पाठ केलेले. ओळीनं विचारले तर सांगायचा, मधलाच विचारला की तोंडाला कुलूप.

"पाढे कावून म्हणता?" भाकर थापता थापता उमाबाई म्हणाली. "माझ्या सैपाकघरात डोळे मिटून हात घातला तरी पायजे ते घावतंय. एकेका भांड्यावर एकेक शब्द ठिवा. मी दावीन, तुमी बोला."

तो आधी हसला आणि मग मुकाट्यानं तसंच करू लागला. चुलीला 'जस्टिस', म्हणजे इन्साफ. पाट्याला 'पेशन्स', सब्र. तव्याला 'होप', उम्मीद. भांडी संपली तेव्हा कोनाडे आले, खुंट्या आल्या, दाराची कडीही आली. उमाबाई हातातलं उलथनं कुठंही रोखायची, त्यानं शब्द आणि अर्थ सांगायचा. चुकला तर भाकर उशिरा. चूक पकडायची म्हणून तिचेही सगळे शब्द पाठ झाले. दिवसाचे दोन तास नवरा समोर बसून बोलतोय, एवढं सुख तिला आधी कधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही.

गुरुलिंगप्पा पास झाला. हैदराबादेला कचेरीत लागला. "घर मिळालं की नेतो," म्हणून गेला.

पहिल्या वर्षी चार पत्रं आली, दुसऱ्या वर्षी एक. मग बाजारातून कुणीतरी बातमी आणली की त्यानं तिकडं दुसरा संसार थाटलाय. उमाबाई ऐकून घरात आली आणि तवा चुलीवर ठेवत मोठ्यानं म्हणाली, "होप, उम्मीद." ती रोजच तसं म्हणायची. शेजारच्या केशरबाईला वाटायचं, बाईचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. ती एकटी पडली होती, बोलायला कुणी नव्हतं, एवढंच. भाऊ तीनदा न्यायला आला, तिनं परत पाठवलं. आपण गेलो आणि कुणी भांडी हलवली तर शब्द हलतील, अशी तिला धास्ती.

नवव्या वर्षी तो आला, चुलतभावाच्या लग्नाला, एका दिवसापुरता. शेरवानी, टोपी, पोट सुटलेलं. पाटावर जेवायला बसला. तिनं हैदराबादचं काही विचारलं नाही, त्या बाईचंही नाही. मनाशी ठरवलं होतं, एक शब्द जरी याद असला तरी बाकीचं सगळं माफ.

तिनं उलथनं तव्यावर रोखलं.

"हे काय हाय?"

त्यानं तव्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तवा हाय. कावून? झिजला का? नवा धाडतो हैदराबादहून."

"न्हाई," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात गरम भाकर वाढली.

तो गेल्यावर उमाबाईनं सगळी भांडी जागची हलवली, कुठलंही कुठंही ठेवलं, आणि भावाला निरोप धाडला, "न्यायला ये."