काचेच्या गोळ्यातलं निळं कडं

थोरले सर आणि धाकटे सर एकदा असे जुंपले, की बाहेर जिना पुसणाऱ्या मावशीचा हात फडक्यावरच थांबला. भांडण मुलींच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या गोळ्यावरून होतं.

"कामातून गेलाय तो. निळ्या रेघेचं कडं होतच नाही, नुसती स्प्रिंग. शनिवारी भंगारात," धाकटे सर म्हणाले.

"अरे, विजेचे कण चुंबकाला अगदी आडवे सुटले तर गोल फिरतात. जरा तिरके सुटले, की फिरता फिरता पुढेही सरकतात. झाली स्प्रिंग."

"मग तिरके केले कोणी? तुम्हीच हात लावता."

मावशीने फडकं बादलीत टाकलं. काल जळमटं काढताना गोळा तिनेच गरकन फिरवून पुसला होता.

ती शिकलेली दुसरीपर्यंत. पण गोळ्याच्या दोन्ही अंगांना तारेची वेटोळी, त्यांत वीज सोडली की त्यांचं चुंबक होतं आणि आतली सरळ निळी रेघ वळत वळत स्वतःचीच शेपटी धरते, हे तिने दाराआडून कितीदा पाहिलेलं. चुंबक कणांना पळवत नाही, थांबवत नाही, नुसतं आडवं येऊन वळवत राहतं. तिची सासू तशीच होती, म्हणून तिला ते चटकन पटलेलं. नवा गोळा काही येणार नव्हता. मग मुलींनी बघायचं काय, फळ्यावरचा खडू?

ती आत गेली. "सर, पुसताना मीच फिरवला."

"मावशी, तुम्ही जिन्याचं बघा. जाताना पडदे उघडा," धाकटे सर म्हणाले.

मावशी काळ्या पडद्यांना पाठ लावून उभी राहिली. "पडदे उघडायची नाही. आधी सरळ करून बघू. नाहीच जमलं तर भंगारात मीच नेते, आणि माझ्या नोकरीचंही तुम्ही ठरवा."

थोरले सर हसले. "करा मावशी, तुम्हीच करा."

बटण बंद करून तिने गोळा बोटभर फिरवला. बटण लावलं, तर स्प्रिंग आणखी लांबली.

"बघा," धाकटे सर म्हणाले.

"बघतेच आहे. उलट्या बाजूला फिरवला, एवढंच." तिसऱ्या खेपेला रेघ जुळली. अंधारात निळं कडं उभं राहिलं आणि धाकटे सर जवळ येऊन वाकले.

मावशीने लेकीचं नेलपॉलिश आणून गोळ्याच्या बुडावर आणि खालच्या लाकडावर एकेक लाल रेघ ओढली. पुढची बावीस वर्षं प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या जुळवल्याशिवाय ती घरी गेली नाही.

निवृत्तीच्या दिवशी खाली तिच्यासाठी भाषणं चालली होती. उद्या प्रयोग होता. ती वर आली, गोळा पुसला, रेघेला रेघ लावली, पडदे ओढले आणि किल्ली खिळ्याला अडकवली.