चकचकीत पट्टी कड्कन तुटली

मंडळी, दादा गेल्यावर आज पहिल्यांदाच जाम गावातल्या आमच्या ग्रिलच्या दुकानाचं शटर उघडलं. नागपूरहून लोखंडाचा माल आला होता. सोबत वहिनी होती.

नवा माल आला की दादा प्रत्येक पट्टीचा एक तुकडा वाईसच्या लोखंडी पकडीत धरून हातोड्यानं दुमडून पाहायचा. आज मी तसंच केलं.

हॉट रोल्ड, म्हणजे तापवून लाटलेली काळी पट्टी, गुमान दुमडली. गारच लाटलेली, नंतर न तापवलेली चकचकीत पट्टी वाकेचना. वहिनी म्हणाली, "पाहा भाऊजी, किती मजबूत!" मी जोरात घाव घातला, अन् ती वाकता वाकताच कड्कन तुटली.

लोखंड कडक करणारा कार्बन दोन्ही पट्ट्यांत सारखाच कमी; फरक फक्त लाटण्याचा. चकचकीत पट्टी ताण जास्त सोसते, पण फारशी लांबत नाही. तुटण्याआधी इशारा देत नाही.

वहिनीनं खाली पडलेला तुकडा उचलला. "हे बी असेच होते न भाऊजी. छातीत दुखून राह्यलं होतं, तरी म्हणे, मले काई नाई झालं."

तुटलेला तुकडा तिनं पदरात गुंडाळून घरी नेला.

आम्ही सारे दादाला कौतुकानं लोखंडाचा माणूस म्हणायचो. तुमच्या घरच्या अशा माणसाला "कुठं दुखते?" असं कोण विचारतं?